पाचपैकी पाच

दोस्तांनो, एकदा मी परदेशातून घरी फोन करून सांगितलं, "पाच मिळाले," आणि आमच्या कऱ्हाडला पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे. पण ती सांगायची तर आधी प्राग शहरात जायला हवं. आणि प्रागला जायचं तर त्याच्याही आधी ड्रेस्डेनला. तेव्हा जरा दमानं घ्या.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. तो प्रीतिसंगम तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मी तो पाहतच मोठी झाले. त्यामुळे असेल, पण मला पाण्याचंच शास्त्र शिकायचं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यासाठी मी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी गेले. तिथे एल्बे नदी आहे. आमच्या वसतिगृहापासून चालत पंधरा मिनिटांवर.

माझे बाबा एस.टी.त कंडक्टर. तिथल्या विद्यापीठात फी अशी फारशी नसते, पण वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच बँकेत ठेवून दाखवावे लागतात. त्यासाठी बाबांनी कर्ज काढलं होतं. डेपोतले सगळे काका मला निरोप द्यायला आले होते. एकाने तर, "जर्मनीत कंडक्टर असतात का ते बघून ये गं," असंही सांगितलं होतं.

पहिलं सत्र संपलं, फेब्रुवारीत परीक्षा झाल्या, मार्चमध्ये निकाल लागले. आता इथे एक गंमत सांगायला हवी. आपल्याकडे जितके गुण जास्त तितका मुलगा हुशार. जर्मनीत उलटं! तिथे १ म्हणजे सर्वांत उत्तम, ४ म्हणजे कसाबसा पास आणि ५ म्हणजे नापास. मला दोन विषयांत ५ मिळाले होते.

रविवारी बाबांचा फोन आला. "लागला का गं निकाल?"

"लागला. दोन विषयांत पाच मिळाले."

"पाचपैकी?"

आता पाहा हं, मी काय केलं ते. मी म्हटलं, "पाचाच्या वर इथे नसतातच, बाबा."

यात एक तरी शब्द खोटा आहे का? नाही. आणि तरीही ते सगळंच्या सगळं खोटं होतं. पलीकडून बाबांचा आवाज आला, "अगं ऐकलंस का, पाचपैकी पाच! दोन विषयांत!" दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं, बाबांनी डेपोत दोन किलो पेढे नेले.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत नागपूरची एक मुलगी राहत असे. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण "लिही, पण माझं नाव घालू नको," अशी तिची ताकीद आहे. ती पास झाली होती. मी तिला सांगितलं होतं, माझा निकाल अजून लागायचा आहे. (म्हणजे दुसरं खोटं. ही खोटी एकटी राहत नाहीत, बरं का. त्यांना सोबत लागते.)

एका संध्याकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काय करून राहिली तू? चार दिवस झाले, तोंड पाहा आरशात. चाल, शनिवार-रविवार प्रागला जाऊन येऊ."

प्राग ही चेक प्रजासत्ताकाची राजधानी. ड्रेस्डेनहून आगगाडीने सुमारे सव्वादोन तास. म्हणजे साधारण पुण्याहून कऱ्हाडला जायला लागतो त्याहून कमीच वेळ, आणि तेवढ्यात देश बदलतो! शनिवारी सकाळी आम्ही निघालो. तिच्या पिशवीत मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याच्या चटणीची डबी. गाडी जवळजवळ सारा वेळ नदीच्या काठाकाठाने जाते. दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे उंच कडे, मध्ये नदी, नदीकाठी उतरत्या छपरांची लहान लहान घरं. सीमा कधी आली ते कळलंसुद्धा नाही. स्थानकांच्या पाट्यांवरची भाषा बदलली, तेव्हा आम्ही म्हटलं, अरेच्चा, आलो वाटतं! नदी मात्र तीच. जर्मनीत तिला एल्बे म्हणतात, चेक लोक लाबे म्हणतात.

प्रागच्या मुख्य स्थानकावर उतरून आम्ही भुयारी रेल्वेची तिकिटं काढली. चोवीस कोरुनांचं एक. (तिथे युरो नव्हे, कोरुना चालतात.) तिकिटं खिशात टाकली आणि ऐटीत सरकत्या जिन्यावरून खाली गेलो. चौथ्या की पाचव्या स्थानकावर बाहेर पडताना दोन तपासनीस उभे. तिकिटं दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. तिथे तिकीट नुसतं काढून चालत नाही. आत शिरताना पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. तशी सूचना तिकिटावरच होती. ड्रेस्डेनमध्ये आमच्याकडे विद्यार्थ्यांचा पास असे, त्यामुळे तिकिटाशी आमचा कधी संबंधच आला नव्हता.

क्षणाचाही विलंब न लावता मी इंग्रजीत म्हणाले, "यंत्र बंद होतं."

माझी मैत्रीण माझ्याकडे पाहतच राहिली. मग ती तपासनिसाला म्हणाली, "नाही. यंत्राकडे आम्ही पाहिलंच नाही. चूक आमची आहे."

दंड भरावा लागला. खरं बोललो म्हणून काही तो माफ झाला नाही, हे तुम्हांला आधीच सांगून ठेवते. दोन दिवसांच्या खाण्याचे बहुतेक पैसे त्यात गेले. बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा माझे कान गरम झाले होते. लहानपणी बाबांच्या हातातल्या चिमट्याची टक्-टक् ऐकत मी कितीदा एस.टी.तून गेले असेन. विनातिकीट माणसं काय काय कारणं सांगतात त्याच्या नकला बाबा घरी करून दाखवत आणि आम्ही पोट धरून हसत असू. आणि आज कंडक्टरची मुलगी तसंच कारण सांगत होती!

मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "किती पटकन बोलली तू! विचार पण नाही केला."

तिथून आम्ही जुन्या यहुदी वस्तीतली संग्रहालयं पाहायला गेलो, तर दारं बंद. शनिवार हा यहुदी लोकांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी ती उघडत नाहीत. हेही आम्ही आधी पाहिलं नव्हतं! शेवटी आम्ही जुन्या शहराच्या चौकात गेलो.

तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर एक खगोलीय घड्याळ आहे. १४१० साली बसवलेलं. वेळेबरोबर सूर्य आणि चंद्र आकाशात कुठे आहेत तेही ते दाखवतं. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती एकामागून एक डोकावून जातात, बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि शेवटी एक कोंबडा आरवतो. आम्ही गर्दीत माना वर करून उभ्या होतो.

या घड्याळाची एक दंतकथा आहे. हानुश नावाच्या कारागिराने ते बनवलं आणि त्याने दुसऱ्या कुठल्या शहराला असं घड्याळ करून देऊ नये म्हणून नगरीच्या कारभाऱ्यांनी त्याचे डोळे काढले, अशी. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण ते खरं नाही. कित्येक शतकं लोक हे घड्याळ हानुशचंच समजत होते. मग विसाव्या शतकात एक जुना दस्तऐवज सापडला आणि कळलं, की ते बनवलं होतं कादान गावच्या मिकुलाश नावाच्या घड्याळजीने. यान शिंदेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने त्याला मदत केली असावी असं मानतात. बिचारा मिकुलाश! काम त्याचं, नाव दुसऱ्याचं.

संध्याकाळी आम्ही चार्ल्स पुलावर गेलो. राजा चौथा चार्ल्स याने १३५७ साली त्याचा पाया घातला. पाचशे सोळा मीटर लांबीचा दगडी पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. चुना घट्ट बसावा म्हणून त्यात अंडी घातली होती, असं सांगतात. गावोगावहून अंडी मागवली, तेव्हा एका गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडूनच पाठवली म्हणे!

पुलाखालून व्लतावा नदी वाहते. मी पाण्याची विद्यार्थिनी, त्यामुळे मला ठाऊक होतं, की ही व्लतावा पुढे मेल्निक गावाशी लाबेला मिळते. गंमत म्हणजे संगमापर्यंत व्लतावाच जास्त लांब आणि पाणीही तिचंच जास्त, पण पुढे नाव राहतं लाबेचं. तीच मग एल्बे होऊन ड्रेस्डेनला येते.

"म्हणजे हे पाणी आपल्या वसतिगृहाकडे चाललंय," मी म्हणाले.

"आणि तू काय लपवून राहिली?" मैत्रिणीने विचारलं. अगदी सरळ.

थंडी मरणाची होती. आमच्याकडे एका पावाची लादी आणि उरलेली चटणी एवढंच जेवण होतं. कठड्याला टेकून पाव-चटणी खाता खाता मी तिला सगळं सांगितलं. दोन विषय, पाच, पाचपैकी पाच, दोन किलो पेढे. पेढ्यांपाशी आल्यावर ती आधी खो-खो हसली. मग माझे डोळे पाहून गप्प झाली.

"बाप्पा! मग आता?"

"पुन्हा परीक्षा देईन, पास होईन. मग त्यांना कशाला कळायला हवं?"

"आणि मी तुझ्या बाजूच्या खोलीत राहून पण मला काहून नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री आम्ही एका स्वस्त वसतिगृहात झोपलो. एका खोलीत आठ पलंग, कुणीतरी सारखं घोरत होतं. रविवारी सकाळी पुन्हा त्या यहुदी वस्तीत गेलो. विद्यार्थ्यांसाठी तिकीट कमी होतं. दंडातून उरलेले पैसे आम्ही तिथे घातले.

तिथे पिंकास नावाचं यहुदी प्रार्थनामंदिर आहे. आत मूर्ती नाहीत, चित्रं नाहीत. भिंतींवर वरपासून खालपर्यंत नुसती नावं. बारीक अक्षरांत, हाताने रंगवलेली. १९३९ साली हिटलरच्या जर्मनीने प्राग ताब्यात घेतलं. त्यानंतर या देशातल्या ज्या यहुदी लोकांना मारून टाकण्यात आलं, त्यांची ही नावं. सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार. १९५० नंतरच्या दशकात ती पहिल्यांदा लिहिली. मग जमिनीतल्या पाण्याची ओल भिंतींत चढली, १९६८ साली इमारत बंद करावी लागली आणि १९९० नंतर कारागिरांनी सारी नावं पुन्हा एकदा लिहून काढली. एकेक करून. मी एका भिंतीपाशी उभी राहून वाचायला लागले. एकाच आडनावाची किती तरी माणसं. आजोबा, आजी, आई, मुलं असावीत. जन्मतारखा वाचल्या की कळत होतं, कोण मूल होतं ते.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत.

प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर तेरेझीन नावाचं तटबंदीचं गाव आहे. १९४१ च्या अखेरीपासून तिथे यहुदी कुटुंबांना कोंडून ठेवलं जाई. त्यांत हजारो मुलं होती. मुलांना शाळा बंद, शिकवायला मनाई. तिथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकार बाई होती. ती स्वतःही कैदीच. सोबत नेता येणाऱ्या मोजक्या सामानात तिने कागद आणि रंग भरून आणले होते. तिने मुलांना चित्रं काढायला शिकवलं. कागद पुरत नसत, म्हणून वापरलेल्या कागदांच्या पाठीवर मुलं चित्रं काढत. घर, फुलं, फुलपाखरं, बाग, आणि आपण आता झोपतो ते एकावर एक रचलेले लाकडी पलंग.

त्या बाईंचा एक नियम होता. चित्र कसंही झालं तरी मुलाने त्यावर आपलं नाव लिहायचं. तिथे माणसांना क्रमांक दिलेले असत, माणसाला यादीतली एक ओळ समजलं जाई. पण तिच्या वर्गात प्रत्येक मुलाला नाव होतं. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये बाईंना ऑशविट्झच्या छावणीत पाठवलं आणि तिथे मारलं. त्यांच्या मुलांपैकी बहुतेक परतली नाहीत. पण सुमारे साडेचार हजार चित्रं दोन पेट्यांत लपवून ठेवलेली होती. युद्ध संपल्यावर ती प्रागला आणली गेली. त्यांच्यावर नावं होती, म्हणूनच आज कळतं, कुठलं चित्र कुणाचं.

दोस्तांनो, मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. त्या मुलांवर जे आलं त्याच्यापुढे माझं नापास होणं काहीच नाही. दोन्हीची तुलना करायची नाही, ते शोभणार नाही. पण मी एका चित्रासमोर बराच वेळ उभी होते. चित्र काही फार चांगलं नव्हतं. घर वाकडं, झाड घरापेक्षा लहान, रंग बाहेर गेलेला. आणि खाली कोपऱ्यात, जरा मोठ्याच अक्षरांत, नाव.

मला माझे ते दोन पेपर आठवले. त्यांच्यावरही माझं नाव मीच लिहिलं होतं. आता मात्र ते माझे नाहीतच असं मी दाखवत होते.

दुपारच्या गाडीने आम्ही परत निघालो. वाटेत बोहुशोवित्से नावाचं लहानसं स्थानक लागतं. आमची गाडी तिथे थांबली नाही, पाटी झर्रकन मागे गेली. सुरुवातीला तेरेझीनला नेलेल्या लोकांना याच स्थानकावर उतरवून पुढे जवळजवळ तीन किलोमीटर सामानासकट चालवत नेत. शनिवारी येताना आम्ही इथूनच गेलो होतो, आणि त्या वेळी मी पराठा खात होते. आम्ही दोघी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. कुणी काही बोललं नाही.

ड्रेस्डेनला उतरल्यावर आम्ही नदीकाठी गेलो. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मैत्रीण जरा लांब जाऊन उभी राहिली. मी फोन लावला.

"बाबा, पाच म्हणजे नापास."

आधी त्यांना कळलंच नाही. मी पुन्हा समजावून सांगितलं. एक चांगला, पाच वाईट. दोन विषयांत नापास. मला त्याच दिवशी माहीत होतं.

पलीकडे इतकी शांतता, की फोन बंद पडला असं मला वाटलं. मग बाबा म्हणाले, "तीस वर्षं कंडक्टर आहे मी. खोटं तिकीट हातात आलं की ओळखतो. तुझं नाही ओळखलं."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुन्हा देता येते का?"

"येते."

"मग दे. आणि डेपोत काय सांगायचं ते मी बघतो. जेवलीस का?"

पुढच्या आठवड्यात आमच्या विभागात तपासलेले पेपर पाहण्याचा दिवस होता. तिथे अशी पद्धत असते, मुलं आपला पेपर पाहून चुका विचारू शकतात. लाजेने मी जाणारच नव्हते. गेले. वर माझं नाव, खाली लाल रेघा. सरांना विचारलं, तेव्हा कळलं की एका मूळ कल्पनेतच माझा गोंधळ होता आणि बाकीच्या बऱ्याच चुका त्यातून आल्या होत्या. हे मी नोव्हेंबरमध्येच विचारलं असतं तर? पण "हिला एवढंही येत नाही," असं लोक म्हणतील म्हणून विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात मी दोन्ही परीक्षा पुन्हा दिल्या. एका विषयात २.३ मिळाले, दुसऱ्यात ३.७, म्हणजे अगदी काठावर. बाबांना दोन्ही आकडे सांगितले, शिवाय कुठला आकडा चांगला तेही सांगितलं.

डेपोत बाबांनी मार्चमध्येच सगळ्यांना खरं सांगून टाकलं होतं. कुणी हसलं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "हसले की! पण एकजण म्हणाला, आता पोरगी पास झाली की पेढे नकोत, भडंग आणा." तेव्हा या वेळी बाबांनी भडंग नेलं. आता कऱ्हाड डेपोत जर्मनीतले गुण कसे मोजतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमच्याही दप्तरात एखादा असा पेपर घडी घालून ठेवलेला असेल, तर तो आज बाहेर काढा. घर वाकडं असेल, रंग बाहेर गेला असेल, असू द्या. खाली नाव तुमचंच आहे ना? आणि आईबाबांनो, तो पेपर तुमच्या हातात पडला, तर आधी आमच्या बाबांनी विचारलं तेच विचारा: पुन्हा देता येते का? आणि मग, जेवलीस का?